रिव्ह्यू कोणी केला, नाव कोणाचं आलं? पीअर रिव्ह्यूच्या श्रेयाचा गुंता

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना आमच्या प्रोजेक्ट गाइड सरांनी एका संध्याकाळी मला केबिनमध्ये बोलावलं आणि स्टेपल केलेली वीस-बावीस पानं हातात दिली. "हा पेपर वाचून ठेव. काय पटलं, काय नाही पटलं, ते दोन पानांत लिही. सोमवारपर्यंत दे." पेपर एका आंतरराष्ट्रीय जर्नलकडे छापायला आलेला होता. विषय होता मोटरच्या कंपनांवरून बेअरिंगमधला बिघाड ओळखणारं मशीन लर्निंग मॉडेल. मॉडेलची अचूकता ९९ टक्क्यांच्या वर. मला तर पहिल्या वाचनात लेखकांचं कौतुकच वाटलं.

तिसऱ्या रात्री हॉस्टेलवर बसून आकृत्या परत बघताना गडबड लक्षात आली. त्यांनी कंपनांचं एकच लांबलचक रेकॉर्डिंग घेऊन त्याचे एकमेकांवर चढणारे तुकडे पाडले होते. मग ते तुकडे पिसून काही शिकवायला वापरले आणि काही तपासायला. म्हणजे परीक्षेत जे प्रश्न येणार होते, त्यांचा अर्धाअधिक भाग मॉडेलने सरावातच सोडवलेला होता. ९९ टक्के पडणारच! मी दोन पानांऐवजी चार पानं लिहिली. सरांनी ती वाचली, इंग्रजी सुधारलं, "छान पकडलंस" म्हणाले आणि जर्नलच्या पोर्टलवर पाठवून दिली.

वर्ष संपताना त्या जर्नलने आपल्या परीक्षकांचे आभार मानणारी यादी छापली. त्यात सरांचं नाव होतं. माझं नव्हतं, आणि असण्याचं कारणही नव्हतं, कारण जर्नलच्या लेखी मी अस्तित्वातच नव्हतो.

ही गोष्ट आज सांगायचं कारण म्हणजे, गेल्या वर्षभरात पीअर रिव्ह्यूच्या दुनियेत एकामागून एक अशा घडामोडी झाल्या, की "रिव्ह्यू करणाऱ्याला श्रेय कसं द्यायचं" हा कोपऱ्यातला प्रश्न एकदम मध्यावर आला. तो का महत्त्वाचा आहे ते समजून घेऊ.

आधी थोडक्यात: हे काम कोण करतं?

एखाद्या शास्त्रज्ञाने किंवा इंजिनिअरने पेपर लिहिला की तो जर्नलच्या संपादकाकडे जातो. संपादक त्या विषयातल्या दोन-तीन जाणकारांना तो वाचायला पाठवतो. ते चुका काढतात, प्रश्न विचारतात आणि छापावा की नाही याची शिफारस करतात. हे जाणकार म्हणजे पीअर रिव्ह्यूअर, आपण त्यांना परीक्षक म्हणू. बहुतेक ठिकाणी त्यांचं नाव लेखकाला कळत नाही आणि पैसेही मिळत नाहीत.

ही पद्धत अनादी काळापासून चालत आली आहे असा आपला समज असतो. तसं नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीचं जर्नल १६६५ मध्ये सुरू झालं, पण तिथे लेखी परीक्षण सुरू व्हायला १८३० चं दशक उजाडलं. 'नेचर'सारख्या नियतकालिकानेही बाहेरच्या परीक्षकांकडून तपासणी सरसकट सक्तीची केली ती १९७३ मध्ये.

आता कामाचा पसारा बघा. २०२१ मध्ये आलेल्या एका अभ्यासाने हिशोब मांडला, की २०२० या एका वर्षात जगभरच्या परीक्षकांनी मिळून १० कोटींपेक्षा जास्त तास हे काम केलं. त्यातल्या फक्त अमेरिकेतल्या परीक्षकांच्या वेळेची किंमत काढली तरी ती १५० कोटी डॉलरच्या वर जाते. दुसऱ्या बाजूला, एल्सेव्हियर ज्या रेल्क्स समूहाचा भाग आहे, त्या समूहाच्या विज्ञान-वैद्यक प्रकाशन विभागाने २०२३ मध्ये सुमारे ३८ टक्के नफा कमावला. कच्चा माल फुकट, तपासणी फुकट, आणि तयार माल विकत. आपल्या आयटी कंपन्यांनी असा आकडा स्वप्नातच बघावा.

तेव्हा परीक्षकाला निदान "धन्यवाद" तरी नीट म्हणा, ही मागणी काही अवाजवी नाही.

आभार मानायच्या पाच पद्धती

सध्या जे प्रकार चालतात त्यांची सरळ पाच गटांत विभागणी करता येते.

१. वार्षिक यादी. वर्षाच्या शेवटी किंवा नव्या वर्षाच्या सुरुवातीला जर्नल सगळ्या परीक्षकांची नावं छापतं. एमडीपीआय या प्रकाशकाच्या 'अप्लाइड सायन्सेस'सारख्या मोठ्या जर्नलची यादी उघडलीत तर नावांची रांगच रांग दिसेल. कोणी कोणता पेपर तपासला हे मात्र त्यात नसतं.

२. प्रमाणपत्र आणि प्रोफाइल. न्यूझीलंडमध्ये २०१२ साली पब्लॉन्स नावाची सेवा सुरू झाली. तुम्ही केलेल्या रिव्ह्यूंची पडताळणी करून ती तुमच्या प्रोफाइलवर मांडायची. २०१७ मध्ये क्लॅरिव्हेट कंपनीने ती विकत घेतली आणि २०२२ मध्ये आपल्या वेब ऑफ सायन्समध्ये मिसळून टाकली. ऑर्किड ही संशोधकांना कायमचा ओळख क्रमांक देणारी ना-नफा संस्था, तिच्या प्रोफाइलवरही रिव्ह्यूंची नोंद होते.

३. सवलती. काही प्रकाशक परीक्षकाला स्वतःच्या पुढच्या पेपरच्या छपाई शुल्कात सूट देतात. एल्सेव्हियर ३० दिवसांसाठी स्कोपस आणि सायन्सडायरेक्ट मोफत उघडून देतं. न्यूरिप्ससारख्या एआय परिषदा उत्तम परीक्षकांची वेगळी यादी लावतात आणि त्यांना नोंदणी शुल्कही माफ करतात.

४. पेपरवरच नाव. फ्रंटियर्सची जर्नलं छापलेल्या पेपरसोबत परीक्षकांची नावं देतात. २०१६ मध्ये सुरू झालेलं 'जर्नल ऑफ ओपन सोर्स सॉफ्टवेअर' तर एक पाऊल पुढे आहे. तिथला सगळा रिव्ह्यू गिटहबवर, सगळ्यांसमोर होतो आणि परीक्षकाचं नाव पेपरच्या पहिल्याच पानावर समासात येतं.

५. रोख पैसे. 'क्रिटिकल केअर मेडिसिन' या वैद्यकीय जर्नलने काही परीक्षकांना २५० डॉलर देऊ केले आणि काहींना नाही, असा प्रयोग केला. निकाल २०२५ मध्ये आला. पैसे देऊ केल्यावर ५३ टक्के लोकांनी काम स्वीकारलं, न दिल्यावर ४८ टक्के. रिव्ह्यू हातात यायला ११ दिवस विरुद्ध १२ दिवस. फरक पडला, पण फार नाही.

हा शेवटचा आकडा मला सगळ्यात बोलका वाटतो. माणसं हे काम मुख्यतः पैशांसाठी करत नसावीत. मग कशासाठी? विषयाची आवड, संपादकाशी संबंध, "आपलेही पेपर कोणीतरी तपासतंच ना" ही परतफेडीची भावना. आणि हो, आपण हे काम केलं याची कुठेतरी नोंद व्हावी, ही साधी इच्छा.

मग नाव उघड करायला अडचण काय?

अडचण आहे, आणि ती २७ नोव्हेंबर २०२५ रोजी सगळ्या एआय जगाने डोळ्यांनी पाहिली.

ओपनरिव्ह्यू हा एक प्लॅटफॉर्म आहे. आयसीएलआर, न्यूरिप्स यांसारख्या मोठ्या एआय परिषदांचा रिव्ह्यू त्यावर चालतो. पेपर आणि शेरे सगळ्यांना दिसतात, नावं झाकलेली असतात. त्या दिवशी कळलं, की त्यांच्या एपीआयच्या एका पत्त्यात तपासणीच नव्हती. ब्राउझरमध्ये ठरावीक लिंक थोडी बदलून टाकली, की कोणत्याही पेपरच्या लेखकांची, परीक्षकांची आणि त्यांच्यावर देखरेख करणाऱ्यांची नावं बाहेर येत होती. बग कळल्यावर तो लवकर बंद झाला. पण तोवर आयसीएलआर २०२६ च्या हजारो पेपरांची माहिती लोकांनी उतरवून घेतली होती.

बॅकएंडचं काम करणाऱ्या कोणालाही हा प्रकार ओळखीचा वाटेल. वापरकर्ता कोण आहे ते तपासलं, पण त्याला ही गोष्ट बघायची परवानगी आहे का, ते तपासायचं राहिलं. आमच्याकडे असा बग सापडला की रिलीज थांबते, कोणीतरी रात्रभर जागतं आणि विषय संपतो. इथे तसं नव्हतं. परिषदेची चर्चा ऐन भरात होती. ज्याने तुमच्या पेपरला दहापैकी दोन गुण दिले, तो दोन मजले खालच्या लॅबमधला निघू शकतो. किंवा तुम्ही ज्यांच्याकडे नोकरी मागायच्या तयारीत आहात, त्यांच्याच पेपरला तुम्ही नापास केलेलं असू शकतं. आयोजकांनी सगळे गुण चर्चेआधीच्या स्थितीला परत नेले आणि पेपरांवर देखरेख करणारी माणसं बदलली.

पडदा आहे म्हणूनच पीएचडीला नुकताच लागलेला मुलगा नामांकित प्राध्यापकाच्या पेपरला "हा प्रयोग चुकला आहे" असं लिहू शकतो. वर सांगितलेल्या गोष्टीत माझं नाव त्या पेपरवर छापलं जाणार असतं, तर मी चार पानं लिहिली असती का? खरं सांगतो, बहुतेक दीडच लिहिली असती, आणि तीही गोड शब्दांत.

म्हणूनच वार्षिक यादी ही दिसायला कंटाळवाणी असली, तरी हुशार तडजोड आहे. शेकडो नावांच्या गर्दीत तुमचं नाव ठेवलं, तर काम केल्याची पावती मिळते आणि कोणत्या पेपरचं काम ते कळत नाही. डेटा प्रायव्हसीमध्ये आम्ही हेच करतो: एखाद्याची ओळख लपवायची तर त्याला पुरेशा मोठ्या गटात मिसळून टाकायचं. पण गट लहान असला की युक्ती फसते. वर्षाला तीसेक पेपर छापणारं, अगदी अरुंद विषयाचं जर्नल घ्या. त्याच्या यादीतून कोणी कोणाचा पेपर तपासला असेल, याचा अंदाज त्या विषयातला माणूस चहा संपायच्या आत बांधेल.

'नेचर'ने १६ जून २०२५ पासून वेगळी वाट धरली. त्या दिवसानंतर येणारा जो पेपर छापला जाईल, त्याच्यासोबत परीक्षकांचे शेरे आणि लेखकांची उत्तरंही छापायची. याआधी हे लेखकांच्या इच्छेवर होतं. परीक्षकाचं नाव मात्र त्याची स्वतःची तयारी असेल तरच. म्हणजे काम उघड, माणूस झाकलेला. मला हा मार्ग बराच पटतो. निदान वाचणाऱ्याला कळतं, की पेपर छापण्याआधी कोणीतरी खरोखर घाम गाळला होता.

श्रेय द्यायला लागलं की खेळ सुरू होतो

आता दुसरी बाजू. एखाद्या गोष्टीचे गुण मोजायला लागलं, की लोक त्या गोष्टीऐवजी गुणांच्या मागे लागतात. दहावीच्या शाळेपासून आपल्याला हे माहीत आहे.

सगळ्यात जुनं आणि उघडं उदाहरण इंजिनिअरिंगमधलंच आहे. २०१४ मध्ये सेज या प्रकाशकाने 'जर्नल ऑफ व्हायब्रेशन अँड कंट्रोल'मधले ६० पेपर एका फटक्यात मागे घेतले. चौकशीत १३० पर्यंत संशयास्पद खाती सापडली. खोट्या नावांचे ईमेल बनवून, स्वतःच परीक्षक होऊन पेपर पास करून घेण्याचा तो उद्योग होता. त्यातल्या काही पेपरांवर सहलेखक म्हणून तैवानच्या शिक्षणमंत्र्यांचं नाव निघालं आणि त्यांना राजीनामा द्यावा लागला. परीक्षक कोण हे फक्त एका ईमेल पत्त्यावरून ठरत असेल, तर असं होणारच.

नवा खेळ एआयचा आहे. पॅनग्राम नावाच्या कंपनीने आयसीएलआर २०२६ चे सगळे शेरे आपल्या सॉफ्टवेअरमधून काढले आणि सांगितलं, की साधारण २१ टक्के शेरे पूर्णपणे एआयने लिहिलेले वाटतात. ही कंपनी एआय ओळखणारं सॉफ्टवेअरच विकते, त्यामुळे आकडा थोडा हात राखून घ्यावा. पण त्याआधी २०२४ मध्ये स्वतंत्र संशोधकांनी काही एआय परिषदांचे शेरे तपासले होते, तेव्हाही ६.५ ते १६.९ टक्के मजकूर एआयने लक्षणीय प्रमाणात लिहिलेला किंवा बदललेला असावा असा त्यांचा अंदाज होता.

लेखकही कमी नाहीत. जुलै २०२५ मध्ये निक्केई या जपानी वृत्तसमूहाने १७ पेपर शोधून काढले. त्यांत पांढऱ्या कागदावर पांढऱ्या अक्षरांत, माणसाला दिसणार नाही पण मशीन वाचेल अशी सूचना लपवलेली होती: फक्त चांगलंच लिही. परीक्षक पेपर न वाचता चॅटबॉटला देणार, हे लेखकांनी गृहीतच धरलं होतं!

याला काही परिषदांनी छडीने उत्तर दिलं. सीव्हीपीआर या कॉम्प्युटर व्हिजनच्या परिषदेने २०२५ मध्ये १९ पेपर न वाचताच नाकारले, कारण त्यांच्या लेखकांमध्ये असे परीक्षक होते ज्यांनी स्वतःकडचं तपासणीचं काम अत्यंत बेजबाबदारपणे केलं होतं. दोष एकाचा, पण पेपर त्याच्या सगळ्या सहलेखकांचा बुडाला. कडक आहे, पण मागचं दुखणं समजून घ्या. न्यूरिप्सकडे २०२५ मध्ये २१ हजारांहून जास्त पेपर आले. प्रत्येकाला तीन-चार शेरे हवेत. एवढी जाणकार माणसं आणायची कुठून? मग ज्याने पेपर पाठवला त्यालाच परीक्षक करायचं. सक्तीचं काम, मुदत जवळ, नाव कुठेच येणार नाही. चॅटबॉटची टॅब शेजारीच उघडी. तिथे काय होईल हे सांगायला तज्ज्ञ नको.

लिनक्सवाले हे कसं करतात?

आमच्या धंद्यात रिव्ह्यू रोज होतो. मी लिहिलेला कोड दुसऱ्याने बघितल्याशिवाय मुख्य शाखेत जात नाही, आणि कोणी बघितला ते कायमचं नोंदलेलं राहतं. लिनक्स कर्नलमध्ये तर प्रत्येक बदलाच्या खाली ओळी असतात: कोणी सही केली, कोणी रिव्ह्यू केला, कोणी चालवून तपासलं, बग कोणी कळवला. वेगवेगळ्या कामाला वेगवेगळी ओळ. "रिव्ह्यू केला" ही ओळ लावण्याचा अर्थ काय, हेही लिहून ठेवलेलं आहे. मी तांत्रिक तपासणी केली, माझ्या शंका मी कळवल्या, बदल घेण्यासारखा आहे असं मला वाटतं, पण तो बिनचूक असल्याची हमी देत नाही. एलडब्ल्यूएन ही साइट कर्नलच्या नव्या आवृत्त्यांच्या आकडेवारीत सर्वात जास्त रिव्ह्यू कोणी केले तेही मांडते.

हे जसंच्या तसं संशोधनात आणता येणार नाही. कोड रिव्ह्यूमध्ये दोघंही एकाच प्रकल्पात असतात, कोड चांगला झाला तर दोघांचा फायदा. पेपरच्या रिव्ह्यूमध्ये परीक्षक बऱ्याचदा स्पर्धक असतो. पण दोन गोष्टी नक्की घेता येतील. एक, कामाचे प्रकार वेगळे मोजणं. गणित तपासणारा, कोड चालवून बघणारा आणि फक्त इंग्रजी सुधारा म्हणणारा, हे तिघं एकाच "परीक्षक" शब्दात बसत नाहीत. दोन, ज्याने काम केलं त्याचीच ओळ लावणं.

ही दुसरी गोष्ट साधी वाटते, पण तीच सगळ्यात जास्त मोडली जाते. २०१९ मध्ये 'ईलाइफ'मध्ये तरुण संशोधकांची एक पाहणी छापून आली होती. त्यातल्या जवळपास निम्म्यांनी सांगितलं, की आम्ही वरिष्ठांच्या नावाने रिव्ह्यू लिहिले आहेत आणि जर्नलला आमचं नाव कळवलेलं नाही. ते वाचताना मला माझ्या हॉस्टेलमधल्या त्या चार पानांची आठवण झाली. इतके दिवस मला वाटायचं, ही आपल्याकडचीच सवय.

आपल्याकडे हिशोब कसा आहे?

केंद्र सरकारने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३ हजार जर्नलं, आणि लाभ ६,३०० हून जास्त सरकारी शिक्षणसंस्थांना व संशोधन संस्थांना. योजना चांगली आहे, यात वाद नाही. पण जरा उलट बाजूने बघा. ही जर्नलं वाचायला आपण वर्षाला सरासरी २,००० कोटी मोजतो. त्याच जर्नलांचे पेपर तपासायला आपले प्राध्यापक फुकट वेळ देतात, आणि तो वेळ आपल्याच व्यवस्थेत कुठेही मोजला जात नाही.

हे मी हवेत बोलत नाही. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत प्राध्यापकांच्या संशोधन गुणांचा तक्ता आहे. त्यात पेपरला गुण आहेत, पुस्तकाला आहेत, पेटंट, संशोधन मार्गदर्शन, व्याख्यान, अगदी अनुवादालाही आहेत. पीअर रिव्ह्यूसाठी ओळच नाही. म्हणजे पीअर रिव्ह्यू झालेल्या जर्नलमध्ये छापलं तर गुण, आणि तो रिव्ह्यू करणाऱ्याला शून्य.

महाराष्ट्रात तर इंजिनिअरिंगची बरीचशी कॉलेजं खासगी विनाअनुदानित आहेत आणि योजना सरकारी संस्थांपुरती आहे. त्यामुळे अशा कॉलेजातला प्राध्यापक ज्या जर्नलसाठी रिव्ह्यू करतो, तेच जर्नल त्याला कॉलेजच्या नेटवर्कवरून उघडता येत नाही, असं होऊ शकतं. दिवसाला चार-पाच तास शिकवणं, प्रॅक्टिकल, ॲक्रेडिटेशनच्या फायली, ॲडमिशनची ड्युटी. वर एक पेपर तपासायचा तर सहा-आठ तास हवेत. मग तो पेपर हुशार विद्यार्थ्याकडे सरकतो. मला आता सरांचा राग येत नाही. त्यांनी मला फसवलं नव्हतं. त्यांना ते काम नीट व्हायला हवं होतं, आणि स्वतःकडे वेळ नव्हता. पोर्टलवर "आणखी कोणी मदत केली का" असा रकाना असता तर त्यांनी तो भरला असता, असं मला मनापासून वाटतं.

आणि मग माझी पाळी आली

हे सगळं शहाणपण सांगणाऱ्या माझं काय झालं तेही सांगतो. मागच्या वर्षी एका परिषदेच्या छोट्या कार्यशाळेसाठी मला परीक्षक म्हणून बोलावणं आलं. पहिल्यांदाच, माझ्या स्वतःच्या नावाने. तीन पेपर. ऑफिसच्या रिलीजचा आठवडा होता. आमच्या टीममध्ये एक इंटर्न आहे, वाचन चांगलं आहे त्याचं. मी त्यातला एक पेपर त्याला पाठवला. मेसेज काय टाकला माहीत आहे? "हा वाचून ठेव. काय पटलं नाही ते लिही. सोमवारपर्यंत."

त्याने रविवारी रात्री लिहून पाठवलं, आणि माझ्यापेक्षा चांगलं लिहिलं होतं. मी ते पोर्टलवर चिकटवलं, सबमिटच्या बटणावर बोट ठेवलं आणि थांबलो. तीच केबिन, तीच स्टेपल केलेली पानं. फक्त खुर्ची बदललेली.

माझी चूक दुहेरी होती. छापायच्या आधीचा पेपर गोपनीय असतो. संपादकाला न विचारता तो दुसऱ्याला दाखवणं हेच मुळात नियमात बसत नाही. प्रकाशनातल्या नीतिमत्तेसाठी काम करणाऱ्या कोप संस्थेची परीक्षकांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं हेच सांगतात: कोणाची मदत घ्यायची तर आधी परवानगी, आणि नंतर त्याचं नाव कळवा. मी आयोजकांना मेल लिहिला. काय केलं ते सांगितलं, माफी मागितली आणि इंटर्नचं नाव जोडता येईल का विचारलं. दोन ओळींचं उत्तर आलं. पुढच्या वेळी आधी विचारा, आणि हो, त्यांचं नाव आम्ही परीक्षकांमध्ये घेतो. मी ज्याला इतकी वर्षं व्यवस्थेचा मोठा दोष समजत होतो, तो माझ्यापुरता एका मेलने सुटला.

मग करायचं काय?

माझं मत असं आहे. कोणी कोणता पेपर तपासला हे झाकलेलं राहू द्या, ओपनरिव्ह्यूच्या प्रकारानंतर तर नक्कीच. शेरे मात्र उघड करा. आणि माणसाने किती काम केलं, याची पडताळलेली नोंद त्याच्या हातात द्या. ऑर्किडमध्ये याची सोय आहे. रिव्ह्यूची नोंद तुम्ही स्वतः टाकू शकत नाही, सदस्य संस्थेकडूनच यावी लागते, आणि पेपरचं नाव न देता फक्त जर्नल आणि वर्ष एवढंही ठेवता येतं. नुसती संख्या मोजू नका. शेरा उपयोगी होता का, हे संपादकाने नोंदवावं. नाहीतर चॅटबॉट वापरून वर्षाला शंभर रिव्ह्यू करणारा सगळ्यांत वर जाऊन बसेल.

तुम्ही स्वतः या साखळीत कुठे असाल, त्याप्रमाणे:

• विद्यार्थी असाल आणि गाइडने पेपर वाचायला दिला, तर नम्रपणे विचारा: "सर, संपादकांना माझं नाव कळवता येईल का?" बहुतेक सर चिडणार नाहीत, त्यांच्या ते लक्षात आलेलं नसतं.

• प्राध्यापक असाल तर पेपर देण्याआधी संपादकाला एक मेल करा. आणि ऑर्किड काढलं नसेल तर काढा, मोफत आहे.

• छोटं जर्नल किंवा कॉलेजची परिषद चालवत असाल, तर रिव्ह्यूच्या फॉर्ममध्ये सहपरीक्षकाच्या नावाचा एक रकाना वाढवा. अर्ध्या तासाचं काम आहे.

• आणि विद्यापीठाच्या समितीवर कोणी ओळखीचं असेल, तर गुणांच्या तक्त्यात एक ओळ कमी आहे, हे त्यांच्या कानावर घाला.

बेअरिंगचा तो पेपर पुढे छापून आला की नाही, हे मी कधी शोधलं नाही. पण मॉडेलची अचूकता ९९ टक्के दिसली की आजही मी आधी डेटाचे तुकडे कसे पाडलेत ते बघतो. ही सवय मला सरांनी लावली. इंटर्नचं नाव यादीत आल्यावर त्याने तिचा स्क्रीनशॉट घरच्या ग्रुपवर टाकला. त्याच्या आईने विचारलं म्हणे, "याचे पैसे किती मिळतात?"

त्याला काय उत्तर द्यावं सुचलं नाही. मलाही नाही.